दिवा दाखवतो की घडवतो?

सूर्यास्तानंतर उघड्यावर, एखाद्या साध्या दिव्याच्या उजेडात माणसाचे पोर्ट्रेट, म्हणजे चेहऱ्याला केंद्रस्थानी ठेवणारे व्यक्तिचित्र, टिपणे हा छायाचित्रकलेतला तांत्रिक विषय समजला जातो, आणि त्यासंबंधीचे लेखन बहुधा भिंगाचे छिद्र, शटरचा वेग आणि दिव्याचे अंतर यांच्या हिशेबापाशी थांबते. हा हिशेब आवश्यक आहे आणि पुढे तो थोडाफार करावाही लागेल. परंतु त्याच्या तळाशी असलेला प्रश्न भारतीय दर्शनांनी कॅमेऱ्याचा मागमूसही नसलेल्या काळात, वेगळ्या संदर्भात विचारलेला होता. अंधारातल्या वस्तूवर दिव्याचा उजेड पडतो तेव्हा दिवा नेमके काय करतो, हा तो प्रश्न. दर्शनांच्या परिभाषेत कारणांचे दोन प्रकार आहेत: जे नव्हते ते उत्पन्न करते ते कारक, आणि जे मुळात होतेच त्याचे फक्त ज्ञान करून देते ते ज्ञापक. कुंभाराचे चाक हे घटाचे कारक कारण आहे, तर अंधाऱ्या खोलीत ठेवलेला घट दाखवणारा दिवा ज्ञापक आहे. दिव्याने घट घडत नाही आणि दिवा विझल्याने तो फुटतही नाही. हा दाखला शास्त्रग्रंथांत इतका रुळलेला आहे की त्याबद्दल सहसा शंका घेतली जात नाही. घटाच्या जागी माणसाचा चेहरा आला तरी हे उत्तर टिकते का, एवढीच शंका येथे घ्यायची आहे.

दिवसाच्या छायाचित्रात ही शंका फारशी उद्भवत नाही. सूर्याचा प्रकाश कोणाच्या मालकीचा नसतो, तो छायाचित्रकारावर आणि त्याच्यासमोरच्या माणसावर सारखाच पडतो, आणि दोघेही त्या उजेडात आधीपासून वावरत असतात. रात्री मात्र प्रकाश कोणीतरी आणलेला असतो. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर सूर्य मावळल्यानंतरचा संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत ओसरतो. त्यानंतर चेहऱ्याची कोणती बाजू दिसावी, कोणती बुडावी, मागचे झाड किंवा घर उरावे की नाहीसे व्हावे, हे सारे ज्याच्या हातात दिवा आहे त्याच्या निर्णयाने ठरते. प्रकाश हा निसर्गाचा भाग न राहता एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या बाबतीत केलेली कृती बनतो, आणि कृती म्हटली की तिच्या योग्यायोग्यतेचा विचार टाळता येत नाही.

परंतु दिव्यापूर्वी अंधाराचा विचार केला पाहिजे, कारण दिवा ज्याच्यावर पडतो ते काय आहे यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. वैशेषिक दर्शनाने पृथ्वी, जल, तेज, वायू, आकाश, काल, दिक्, आत्मा आणि मन अशी नऊ द्रव्ये मानली. द्रव्य म्हणजे गुण आणि क्रिया ज्याच्या आश्रयाने राहतात तो पदार्थ. त्यावर भाट्ट मीमांसकांनी आक्षेप घेतला तो असा की तम, म्हणजे अंधार, हेही एक द्रव्य मानले पाहिजे. तो काळानिळा दिसतो, म्हणून त्याला रूप हा गुण आहे, आणि दिवा हलवला की सावली सरकते, म्हणून त्याला क्रियाही आहे. न्याय-वैशेषिकांचे उत्तर कणादांच्या सूत्रांपासून अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’वरील ‘दीपिके’पर्यंत एकाच दिशेने जाते: रूप असलेले द्रव्य पाहायला डोळ्याला उजेडाचे साहाय्य लागते, अंधार मात्र उजेडावाचूनच जाणवतो, तेव्हा तो द्रव्य नसून प्रखर तेजाचा अभाव आहे, आणि सावलीची हालचाल ही खरे तर दिव्याची किंवा मध्ये आलेल्या वस्तूची हालचाल आहे. ‘न्यायकंदली’कार श्रीधरांनी या दोहोंहून निराळी वाट काढली, त्यांच्या मते उजेड नसताना त्या ठिकाणी निळ्या रूपाचा आरोप होतो, म्हणजे नसलेला रंग तेथे लादला जातो, आणि त्यालाच लोक अंधार म्हणतात.

कॅमेऱ्यापुढे हा वाद नव्याने जिवंत होतो, हे कोणाच्या लक्षात आल्याचे फारसे दिसत नाही. डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक, म्हणजे प्रकाशकण मोजणारा पृष्ठभाग, पूर्णपणे नैयायिकांच्या बाजूचा आहे. ज्या बिंदूवर प्रकाश आला नाही त्या बिंदूची नोंद शून्याच्या जवळ राहते आणि अंधार असा काही पदार्थ त्याला सापडत नाही. मात्र अपुऱ्या उजेडात संवेदकाचा क्षीण संकेत वाढवण्यासाठी आयएसओ, म्हणजे संकेताच्या वर्धनाचे प्रमाण, 6400 किंवा त्याहून वर नेले की जेथे काहीच नव्हते तेथे तांबडे-निळे कण वळवळू लागतात. छायाचित्रकार त्यांना ‘नॉइज’ म्हणतात; श्रीधरांचा आरोपित रंग याहून स्पष्टपणे दाखवणे कठीण. याउलट, चौकटीत काय ठेवावे याचा विचार करणारा छायाचित्रकार प्रत्यक्ष व्यवहारात मीमांसक असतो. नाकाची धार, गालाचा उंचवटा, हनुवटीखालची खोली ही सारी सावलीने उमटते. सावलीला वजन आहे, कड आहे, दिशा आहे असे मानल्याखेरीज त्याचे पाऊल पुढे पडत नाही. या दोन भूमिकांपैकी कोणती अंतिमतः खरी हे येथे ठरवण्याचे कारण नाही, परंतु व्यक्तिचित्राच्या प्रांतात तरी अंधाराला निव्वळ अभाव मानणाऱ्याच्या हातून चांगले काम होत नाही. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक मधल्या राखाडी छटेला प्रमाण मानतो आणि रात्रीचे दृश्य समोर आले की ते उणे समजून उजळवायला निघतो. त्याचे ऐकले की आकाश करडे होते, चेहरा पांढरा पडतो आणि ज्या रात्रीसाठी माणसाला बाहेर उभे केले ती रात्रच चित्रातून निघून जाते.

ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’तले अज्ञानखंडनाचे प्रदीर्घ प्रकरण या ठिकाणी आठवणे स्वाभाविक आहे. अद्वैत वेदान्ताच्या विवरण परंपरेत प्रकाशात्मन् यांनी अज्ञान भावरूप, म्हणजे अस्तित्व असलेले काहीतरी, आहे असे सिद्ध करताना अंधारात प्रथमच लावलेल्या दिव्याच्या प्रभेचा दृष्टान्त दिला होता: ती प्रभा ज्याप्रमाणे आधीपासून असलेल्या अंधाराला हटवते त्याप्रमाणे ज्ञान आधीपासून असलेल्या अज्ञानाला हटवते. ज्ञानदेवांनी अज्ञानाला असे अस्तित्व देण्यासच नकार दिला, कारण ज्ञानाच्या पुढे आणले की ते उरत नाही आणि ज्ञानावाचून ते सिद्धही होत नाही. त्यांचा विषय मोक्षाचा आहे आणि तो छायाचित्रणात ओढून आणणे गैर ठरेल. तरीही दिवा घेऊन अंधार पाहायला जाता येत नाही, ही जी अडचण त्या युक्तिवादाच्या मुळाशी आहे, ती रात्री काम करणाऱ्या प्रत्येक छायाचित्रकाराच्या रोजच्या अनुभवाची आहे. त्याने आणलेला प्रत्येक नवा दिवा रात्रीतून काहीतरी वजा करतो.

म्हणूनच या कामात जाणकार एकाच दिव्यावर भागवतात. त्याची कृती साधी आहे. एखादा एलईडी दिवा किंवा विजेरी घ्यावी, तिच्यापुढे पांढरा कागद किंवा पातळ मलमल धरावी म्हणजे उजेडाचा उगम रुंद होऊन सावलीची कड मऊ होते, आणि तो दिवा माणसाच्या डोळ्यांहून थोडा वर, समोरून सुमारे 45 अंश बाजूला धरावा. तेव्हा नाकाची सावली पलीकडच्या गालावर उतरते आणि त्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा लहानसा त्रिकोण शिल्लक राहतो; दोन्ही डोळ्यांत दिव्याचा एकेक ठिपका चमकतो, आणि हा ठिपका नसला तर उघडे डोळेही निर्जीव वाटतात. दिवा हनुवटीखाली नेला तर तोच शांत चेहरा भयंकर दिसू लागतो. अंतराचे महत्त्व याहून मोठे आहे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. दिवा चेहऱ्यापासून 1 मीटरवर आणि मागची भिंत दिव्यापासून 4 मीटरवर असेल तर भिंतीला चेहऱ्याच्या सोळाव्या हिश्शाइतकाच उजेड मिळतो, पण तोच दिवा 3 मीटर मागे घेतला तर भिंतीला चेहऱ्याच्या जवळजवळ एक-तृतीयांश उजेड मिळू लागतो. दिवा माणसाच्या जवळ गेला की रात्र त्याच्या पाठीशी टिकून राहते आणि दिवा दूर गेला की ती पांगते.

सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे जलरंगातले प्रसिद्ध चित्र, जे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि जे पुष्कळ लोक चुकीने राजा रविवर्म्यांचे समजतात, याच तत्त्वावर उभे आहे. त्यात त्यांच्या कन्येच्या एका हातात दिवा आहे आणि दुसऱ्या हाताने तिने ज्योतीला आडोसा केला आहे. ज्योत पाहणाऱ्याला दिसत नाही, बोटांच्या कडांतून झिरपणारा तांबूस उजेड आणि त्याने खालून उजळलेला चेहरा तेवढा दिसतो. खालून पडणारा प्रकाश चेहऱ्याला विद्रूप करतो हा वर सांगितलेला नियम येथे मोडलेला आहे, आणि तो मोडूनही चेहरा प्रसन्न राहतो याचे कारण तो उजेड दिवा धरणाऱ्या व्यक्तीचा स्वतःचा आहे, असे मानायला जागा आहे. तिच्या हाताच्या हालचालीने तो कमीजास्त होईल. दुसऱ्या कोणी तो तिच्यावर टाकलेला नाही.

आता मूळ शंकेकडे वळता येते. घटावर उजेड पडला तर घटाला त्याची खबर नसते. चेहऱ्याचे तसे नाही. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सात-आठ मिलिमीटरपर्यंत रुंदावलेली असते आणि दिवा लागताच ती आकसून दोन-तीन मिलिमीटरवर येते, पापण्या मिटू पाहतात, भुवया जवळ येतात, ओठांची ठेवण बदलते, आणि या शारीरिक प्रतिक्रियांच्या जोडीला आपण पाहिले जात आहोत ही जाणीव चेहऱ्यावर पसरते. दिव्यापूर्वी जो चेहरा होता तो दिव्यानंतर तसाच राहत नाही. रंगाचेही तेच आहे: कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, सुमारे 589 नॅनोमीटरचा असतो, आणि त्याखाली कुंकवाचा लाल व चुड्याचा हिरवा हे दोन्ही मळकट छटांमध्ये मिसळून जातात, तेथे दिवा वस्तूचा रंग दाखवतो असे म्हणण्यापेक्षा कोणता रंग असू द्यायचा हे ठरवतो असे म्हणणे अधिक खरे. घटाच्या बाबतीत दिवा ज्ञापक आहे हे शास्त्रकारांचे म्हणणे मान्य करूनही चेहऱ्याच्या बाबतीत तो काही अंशी कारक आहे, असा निर्णय द्यावा लागतो. आणि जो कारक आहे त्याच्यावर कृत्याचे उत्तरदायित्व येते.

छायाचित्रणाच्या इतिहासात या उत्तरदायित्वाची कसोटी पाहणारी उदाहरणे आहेत. 1887 मध्ये जर्मनीत आडोल्फ मिथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची झटकन पेटणारी पावडर तयार केली, आणि तिची बातमी वाचून न्यूयॉर्कमधला डॅनिश वंशाचा पत्रकार जेकब रीस रात्रीच्या वेळी गरीब वस्त्यांतल्या खोल्यांत आणि गल्ल्यांत ती घेऊन शिरू लागला. कोंदट खोलीत झोपेला आलेली माणसे, अचानक कडाडलेला पांढरा उजेड, दिपून गेलेले डोळे, आणि तो धूर निवण्याआधी निघून गेलेले पाहुणे: त्याची पुष्कळशी चित्रे अशी घेतलेली आहेत. अंध भिकाऱ्यांच्या एका गटाचे चित्र घेताना आपल्या हातून घराला आग लागल्याचे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. जे तो उजेड पाहूही शकत नव्हते त्यांच्यावर त्या उजेडाचे हे संकट आले. 1890 मधल्या त्याच्या पुस्तकाने शहराची झोप उडवली आणि त्यातून उठलेल्या चळवळीचा एक परिणाम म्हणून 1901 चा भाड्याच्या घरांसंबंधीचा कायदा आला, हेही तितकेच खरे. हे यश मोठे आहे, आणि रीसने विचारून, थांबून, दिवा लावून चित्रे घेतली असती तर ती तितकी हादरवणारी झाली नसती, हा आक्षेप येथे मांडलेल्या मताविरुद्धचा सर्वांत बळकट आक्षेप आहे. त्याला उत्तर एवढेच की अन्यायाचा पुरावा गोळा करणे आणि माणसाचे व्यक्तिचित्र काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. पुराव्यात माणूस साक्षीसारखा वापरला जातो, आणि कधी कधी तसे वापरणे समर्थनीय ठरते. व्यक्तिचित्रात मात्र तो स्वतः साध्य असतो, तेथे हे समर्थन लागू पडत नाही.

फिलिप-लोर्का डिकोर्सिया या अमेरिकी छायाचित्रकाराच्या ‘हेड्स’ या मालिकेत ही गोष्ट आणखी टोकाला गेली. 1999 ते 2001 या काळात त्याने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये पदपथावरच्या परांचीला फ्लॅश बांधले आणि दूरच्या भिंगातून, खाली चालणाऱ्या अनोळखी लोकांचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले. फ्लॅशच्या प्रखरतेमुळे भोवतालची गर्दी काळोखात बुडते आणि एकच चेहरा, स्वतःच्या विचारात हरवलेला, उजळून निघतो. चित्रे अपूर्व आहेत यात शंका नाही. त्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी, जे सनातनी यहुदी होते, आपल्या प्रतिमेचा असा वापर मूर्ती-प्रतिमा निषिद्ध ठरवणाऱ्या दुसऱ्या धर्माज्ञेच्या विरुद्ध आहे अशी तक्रार करून दावा लावला, आणि 2006 मध्ये न्यायालयाने कलेच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेऊन तो फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला, धर्माच्या दृष्टीने मिटला नाही. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात संपतो. बाहुली आकसायलाही तेवढा वेळ पुरत नाही. चेहऱ्याला उत्तर देण्याची संधीच मिळत नाही, आणि म्हणून हा उजेड चेहऱ्याला घटासारखा वागवतो. ज्ञापकाची शुद्धता त्याला साधते खरी, पण समोरच्याचे चेतनत्व बाजूला सारून.

याउलट ब्रासाईचे उदाहरण आहे. ट्रान्सिल्व्हेनियात जन्मलेल्या या छायाचित्रकाराचे पॅरिसच्या रात्रीवरचे पुस्तक 1932 च्या अखेरीस निघाले. तो तिपाईवर कॅमेरा ठेवून लांबलचक उघडीप देई आणि वेळ मोजायला सिगारेट ओढी. उजेड बरा असेल तर एका जातीची, काळोख दाट असेल तर सावकाश जळणारी दुसऱ्या जातीची. रस्त्यावरच्या दिव्याखाली उभ्या असलेल्या लोकांशी त्याची आधी ओळख होई, मग चित्र होई, आणि काही प्रसंग तर त्यांच्याच सहभागाने रचलेले आहेत. रचलेले म्हणून ते खोटे ठरत नाहीत. माणसाने आपल्या इच्छेने उजेडात येऊन उभे राहणे हेही त्याच्याबद्दलचे एक सत्यच आहे.

चेहऱ्याला उजेड देण्याची रीत हिंदू उपासनेने शतकानुशतके जपली आहे, आणि तिच्यात या विषयातल्या लोकांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जुन्या दगडी देवळाचा गाभारा मुद्दाम अंधारा असतो. पुजारी निरांजन उचलून मूर्तीच्या चरणांपासून हळूहळू मुखापर्यंत नेतो, क्षणभर मुखापाशी धरतो आणि मग ओवाळतो. भक्त देवाला पाहतो आणि देवही भक्ताला पाहतो अशी श्रद्धा असल्यामुळे तो उजेड एकतर्फी नसतो. भाऊबीजेला बहीण औक्षण करते तेव्हा आधी कुंकू लावते, अक्षता लावते, सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळते, आणि मग निरांजन भावाच्या चेहऱ्याभोवती फिरवते. नाते आधी, स्पर्श आधी, उजेड त्यानंतर. दिवा फिरत असल्याने चेहऱ्याची कोणतीही बाजू कायमची सावलीत राहत नाही. रात्रीच्या छायाचित्रणात याला अगदी जवळची एक पद्धत आहे. शटर आठ-दहा सेकंद उघडे ठेवायचे, समोरच्या माणसाने स्थिर बसायचे आणि विजेरी त्याच्या चेहऱ्याभोवती संथपणे फिरवत राहायची. याला ‘लाइट पेंटिंग’ म्हणतात. त्या आठ-दहा सेकंदांत दोघांनाही श्वास सांभाळावा लागतो, आणि बसणाऱ्याच्या सहकार्यावाचून चित्र होतच नाही. फ्लॅशच्या तुलनेत या पद्धतीत रेखाटन मऊ आणि काहीसे अस्पष्ट येते, पण ज्याला माणूस हवा आहे त्याने एवढी अस्पष्टता पत्करायला हरकत नाही.

उजेडावाचून माणूस माणसाला कसा भेटतो, याचा सर्वांत खोल विचार बृहदारण्यकोपनिषदाच्या चौथ्या अध्यायात आहे. जनक याज्ञवल्क्यांना विचारतो की माणूस कोणत्या ज्योतीच्या आधाराने वावरतो; सूर्याच्या, असे उत्तर येते. सूर्य मावळला तर चंद्राच्या, चंद्रही मावळला तर अग्नीच्या, आणि अग्नीही शांत झाला तर वाणीच्या, कारण स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही अशा अंधारात जिकडून आवाज येतो तिकडे माणूस जातो. वाणीही थांबली तर आत्मा हीच ज्योत, येथे तो संवाद पोहोचतो. याज्ञवल्क्यांनी वाणीला अग्नीच्या पुढची पायरी दिली आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे. विसाव्या शतकात लिथुएनियात जन्मलेल्या आणि फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या इमॅन्युएल लेव्हिनास या यहुदी तत्त्वज्ञाने 1961 च्या आपल्या मुख्य ग्रंथात वेगळ्या वाटेने याच ठिकाणाजवळ येऊन म्हटले की दृष्टी आणि प्रकाश वस्तूला आपल्या कब्जात आणतात, चेहरा मात्र या कब्जाला विरोध करतो, कारण चेहरा मुळात दिसत नसून बोलत असतो. दोघांच्या परंपरा, प्रयोजने आणि निष्कर्ष भिन्न आहेत. एकाला आत्म्याकडे जायचे आहे, दुसऱ्याला समोरच्या परक्या माणसाकडे. परंतु अंधारात दुसऱ्या माणसापर्यंत आधी शब्द पोहोचला पाहिजे, याबाबत दोघांची साक्ष एकमेकींना बळ देते.

रात्री कॅमेरा घेऊन बाहेर पडणाऱ्यांनी म्हणून प्रथम बोलावे आणि मग दिवा लावावा. दिवा कोठून येणार आहे ते समोरच्या माणसाला दाखवावे, शक्य असेल तर तो त्याच्याच हातात द्यावा, त्याच्या डोळ्यांना उजेडाची सवय होईपर्यंत थांबावे, आणि त्याने नको म्हटले तर दिवा मालवून निघावे.